हेलसिंकीचा बेस : पायाखाली की लॅपटॉपमध्ये?

हेलसिंकी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? नोकिया. सौना. आणि सांताक्लॉज, जो खरं तर तिथून आठेकशे किलोमीटर उत्तरेला रोवानिएमीत राहतो. ज्यांच्या कानांना थोडं वेगळं वळण लागलंय, ते हेवी मेटलचं नाव घेतील. 2016 साली व्हाइट हाउसमधल्या मेजवानीत खुद्द ओबामांनी फिनलंडमधल्या मेटल बँड्सच्या दरडोई संख्येवरून कोटी केली होती. पण एखाद्या बेस गिटारवाल्याला विचारून बघा. तो यातलं काहीच सांगणार नाही. त्याच्या पायाशी असलेली छोटी काळी पेटी आणि त्याच्या लॅपटॉपमधला आवाज, दोन्ही बऱ्याचदा याच शहरातून आलेले असतात. आणि गंमत म्हणजे जगभरचे बेसिस्ट रात्र रात्र भांडतात ते नेमकं या दोघांवरूनच. पेडल भारी की सॉफ्टवेअर?

भांडण काय आहे ते आधी समजून घेऊ. बेस गिटारच्या तारेतून निघणारा सिग्नल अगदी अशक्त असतो. त्याला ताकद आणि चेहरा देतो तो प्रीअँप. मग येतो पॉवर अँप, मग स्पीकर. पूर्वी हे सगळं एकाच लवाजम्यात यायचं. 1969 साली आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा या जमातीचा महाराजा : 300 वॉट, चौदा व्हॉल्व्ह, आणि सोबत दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. दोन्ही मिळून वजन शंभर किलोच्या घरात. आवाज म्हणाल तर स्वर्ग, पण तो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कुणी?

1989 साली न्यूयॉर्कच्या टेक 21 या कंपनीच्या अँड्र्यू बार्टाने सॅन्सअँप नावाचं पेडल काढलं. अख्ख्या अँपचा आवाज एका मुठीएवढ्या डबीत! बेस या डबीत घाला, डबी थेट मिक्सरला जोडा, झालं काम. (थेट मिक्सरला जोडायची कल्पना त्याहूनही जुनी. 1960च्या दशकात डेट्रॉइटला मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस अँप मध्ये न घालताच रेकॉर्ड होत होता, आणि त्या गाण्यांवर आजही माणसं नाचतात.) पुढे कॉम्प्युटर वेगवान झाले आणि तीच डबी गणिताच्या रूपात लॅपटॉपमध्ये शिरली. तिला म्हणायचं प्लगइन.

आता हेलसिंकी. चिलीहून इथे आलेल्या डग्लस कॅस्ट्रोने 2009 मध्ये या शहरात डार्कग्लास इलेक्ट्रॉनिक्स सुरू केली. त्याच्या पेडलचं नाव मायक्रोट्यूब्स, पण आत ट्यूब एकही नाही. सगळी करामत सीमॉस चिपची. त्याने हात घातला तो बेसवाल्यांच्या जुन्या दुखण्याला. बेसवर डिस्टॉर्शन लावलं की आवाज चवताळतो खरा, पण खालचा गाभाच नाहीसा होतो. छाती फुगते, पाय गायब. डार्कग्लासच्या पेडलवर ‘ब्लेंड’ नावाचं एक बटण असतं. ते फिरवून स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळायचा. तळ शाबूत, वर दात. आधुनिक मेटलमध्ये बेस म्हणून जो करकरीत, तारेचा आवाज ऐकू येतो, त्यात या पेडलचा वाटा मोठा आहे.

इथवर ठीक. पण 2017 मध्ये याच माणसाने, याच शहरात, फ्रान्सिस्को क्रेस्पबरोबर दुसरी कंपनी काढली : न्यूरल डीएसपी. आणि 2018 मध्ये तिने आणलं ‘डार्कग्लास अल्ट्रा’ नावाचं प्लगइन, म्हणजे स्वतःच्याच पेडलची सॉफ्टवेअर आवृत्ती. किंमत पेडलच्या निम्म्याहूनही बरीच कमी. आपल्याच दुकानासमोर आपणच दुसरं दुकान थाटायचं, याला जिगर लागते बॉस!

एस्पू हे हेलसिंकीला चिकटलेलं शहर. तिथल्या एका आयटी कंपनीत पुण्याचा माझा एक मित्र नोकरी करतो. ऑफिसात कोड, घरी बेस. त्याच्याकडे पेडलही आहे आणि प्लगइनही, त्यामुळे हा वाद तिथेच मिटवायचं ठरलं. जागा? ऊदी.

ऊदी ही हेलसिंकीची मध्यवर्ती सार्वजनिक लायब्ररी. 5 डिसेंबर 2018ला, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ती उघडली. संसद भवनाच्या अगदी समोर, लाकडी लाटेसारखी वळलेली इमारत. लायब्ररी म्हटल्यावर ‘शांतता राखा’ची पाटी शोधत आत जाल, तर दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रं घरघरताहेत, थ्रीडी प्रिंटर चालू आहेत, आणि पलीकडे साउंडप्रूफ स्टुडिओ. गिटार, बेस, कीबोर्ड, सगळं लायब्ररीच्या कार्डावर. आपल्याकडे पुस्तक उशिरा परत केलं तर दंड होतो, इथे पोरं ड्रम वाजवायला वेळ राखून ठेवतात. मी जरा वेळ नुसताच बघत बसलो. कार्ड मित्राचं होतं. लॅपटॉप आणि पेडलही त्याचंच. बोटं माझी.

पहिली फेरी रेकॉर्डिंगची. एकच ओळ दोनदा वाजवली, एकदा पेडलमधून, एकदा प्लगइनमधून. मग मी भिंतीकडे तोंड केलं आणि मित्र उलटसुलट ऐकवत गेला. नुसता बेस ऐकला तर थोडा फरक कळायचा : पेडलचा वरचा आवाज किंचित खरखरीत, प्लगइनचा जरा इस्त्री केलेला. मागे ड्रम लावल्याबरोबर तोही फरक पुसला गेला. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा मी अंदाजच ठोकले. ‘सॉफ्टवेअरचा आवाज प्लास्टिकचा असतो’ हे वाक्य दहा वर्षांपूर्वी कदाचित खरं असेल. आज ते म्हणणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवा.

दुसरी फेरी वाजवण्याची. इथे मात्र मामला बदलतो. पेडलमध्ये तार छेडली की आवाज त्याच क्षणी बाहेर. कॉम्प्युटरला मात्र आवाज आधी तुकड्यांत गोळा करावा लागतो. सेकंदाला 48 हजार नमुने आणि 128चा बफर धरला, तर एका वेळेला 2.7 मिलिसेकंद. जाताना तेवढे, येताना तेवढे, वर रूपांतराचे थोडे. म्हणजे आठ-दहाच्या आसपास. हा आकडा ऐकून घाबरू नका. अँपपासून तीन मीटर लांब उभं राहिलात तरी आवाज तुमच्यापर्यंत पोचायला साधारण नऊ मिलिसेकंद लागतातच. हवेतून येणाऱ्या उशिराबद्दल कुणीच कधी तक्रार करत नाही. गडबड होते ती लॅपटॉप दमला की. मग आवाजात तडतड सुरू होते, ती घालवायला तुम्ही बफर 512 करता, उशीर वीस मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि बोटं ड्रमच्या मागे ओढली जातात. बेस आणि ड्रम सुटे झाले की गाण्याचा पायाच हलतो. गिटारवाल्याचं खपून जातं, बेसवाल्याचं नाही.

आणि बटणं. हे फार कुणी बोलत नाही, पण मला तरी खरा फरक इथेच जाणवला. पेडलवर पाच-सात बटणं, म्हणजे दोन मिनिटांत आवाज ठरतो आणि तुम्ही वाजवायला लागता. प्लगइनमध्ये कॅबिनेट बदला, माइक दोन इंच सरकवा, दुसरा माइक लावा... अर्धा तास गेला आणि आमची एकही ओळ धड वाजून झाली नव्हती. स्टुडिओची वेळ संपायला आली तेव्हा मित्राने मुकाट्याने लॅपटॉप मिटला.

बाहेर पडलो तर साडेतीन वाजता अंधार. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सहा तासांचा. अशा शहरात लोक खोलीत बसून बेस वाजवणार नाहीत तर काय करणार? दालचिनीचा बन आणि दोन कप कॉफी झाल्यावर मित्र म्हणाला, चल, आमचा अड्डा दाखवतो.

अड्डा म्हणजे बंकर. खोटं वाटेल, पण हेलसिंकीच्या इमारतींखाली आणि कातळात मिळून साडेपाच हजारांच्या आसपास निवारे आहेत. त्यांत नऊ लाखांहून जास्त माणसं मावतात, आणि शहराची वस्ती आहे सात लाखांच्या आत. शेजारी रशिया असल्यावर अशी तयारी ठेवावीच लागते. एरवी मात्र या जागा रिकाम्या ठेवत नाहीत. कुठे पार्किंग, कुठे बॅडमिंटन, कुठे मुलांच्या घसरगुंड्या, आणि कुठे बँडची तालीम. जाडजूड पोलादी दार लावून घेतलं की मेटल वाजवा नाहीतर भजन, वर आजीबाईंची झोप मोडत नाही. अट एकच : वेळ आली तर 72 तासांच्या आत जागा रिकामी करून द्यायची.

2022 नंतर ही अट कुणी हसण्यावारी नेत नाही, असं मित्र म्हणाला. बँडच्या एका कोपऱ्यात जुन्या पद्धतीचं भलंमोठं स्पीकरचं कपाट उभं होतं. कुणी आणलं, कसं उतरवलं, कुणालाच आठवत नाही. ते हलवायचं कसं यावर म्हणे दर दोन-तीन महिन्यांनी चर्चा होते. बाकी सगळ्यांचं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं.

इथे पेडलच चालतं. मित्र प्लगइन घरी ठेवतो, कारण घरी रात्री अकरानंतर हेडफोन लावूनच वाजवता येतं. ठाण्याच्या टू-बीएचकेमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गाणी रेकॉर्ड करायची, गिटारवाल्याला फाइल पाठवायची, त्याने मागितलं तर महिन्याभराने बेसचा आवाज पूर्ण बदलून द्यायचा, हे पेडलला जमत नाही. वाजवताना पेडलमधून गेलेला आवाज एकदा रेकॉर्ड झाला की झाला. माझं मत विचाराल तर हातात पैसे कमी असतील आणि तुम्ही अजून खोलीतच वाजवत असाल तर बेधडक प्लगइन घ्या. पहिला गिग ठरला की मात्र पेडल. ऐन दुसऱ्या गाण्यात अपडेट मागणारी वस्तू स्टेजवर नको. शिवाय पाच किलोचा बेस पाठीवर घेऊन दादरला गाडी बदलणाऱ्याला अर्धा किलोची डबी आणि लॅपटॉपची बॅग यातला फरक खांद्याला कळतो.

हेलसिंकीत मात्र हा वाद जवळपास जुना झालाय. न्यूरल डीएसपीने 2020 मध्ये क्वाड कॉर्टेक्स जाहीर केलं : सॉफ्टवेअरवाल्यांची पायाने दाबायची पेटी. आणि 2025च्या जानेवारीत डार्कग्लासने आणलं अॅनाग्राम : पेडलवाल्यांचा टचस्क्रीनचा कॉम्प्युटर. दोघं रस्ता ओलांडून एकमेकांच्या फुटपाथवर गेलेत. खिसा मात्र दोन्हीकडे सैल सोडावा लागतो.

जाणार असाल तर : विमानतळावरून लोकल ट्रेन अर्ध्या तासात मुख्य स्टेशनला सोडते, ऊदी तिथून चालत पाच मिनिटं. रात्री कांपीजवळच्या तवास्तियाला जा. 1970पासून चालू असलेला हा रॉक क्लब विद्यार्थी संघटनेच्या जुन्या इमारतीत आहे. तिथे तिकीट नाही मिळालं तर शेजारचा सेमीफायनल बघा. छोटा आहे, नवे बँड तिथे वाजवतात, आणि तुम्ही बेसिस्टच्या पायांपासून दोन हातांवर उभे असता. आम्ही गेलो त्या रात्री त्याच्या मागे अँपच नव्हता. पायाशी तीन पेडल, एक वायर मिक्सरकडे, बस्स. कोट आणि सॅक दाराशीच ‘नारिक्का’त जमा करावी लागते, त्याचे सुटे पैसे जवळ ठेवा.