एका केबलवरचे दोघे

माऊस हलत होता. बाकी सगळं ठप्प! सीडी आत गेली, ड्राइव्ह घर्रर्र करून फिरली आणि आमचा म्हातारा कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला.

स्थळ : चिकलठाण्यातलं घर, बाबांची खोली. सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं : 'आई, ओव्या, २००७'. आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या बाबांनी तेव्हा रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आजी जाऊनही आता दहा वर्षं झाली. दुसरी कॉपी? नाही. पुढच्या रविवारी आत्या येणार होती, तिला तो आवाज ऐकायचा होता. माझ्या चकचकीत लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. म्हणजे भिस्त म्हाताऱ्यावरच.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. "ड्राइव्ह गेली मॅडम. मशीनच भंगारात द्या."

बाबांनी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलंय. ते एवढंच म्हणाले, "भंगार म्हणायच्या आधी वायर बघायची असते."

पाच-सहा मिनिटांनी मशीन आपोआप जागं झालं. म्हणजे ते मेलं नव्हतं, कुणाची तरी वाट बघत होतं! या मशीनवर लिनक्स आहे. १९६९ च्या युनिक्सच्या वळणावर लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं. त्याची एक सवय मला फार आवडते : काय बिनसलं ते तो डायरीत लिहून ठेवतो. कर्नलचा लॉग उघडला, तर ओळीमागून ओळ तेच. टाइमआउट, रीसेट, टाइमआउट, रीसेट. एटीए १.०० म्हणजे हार्ड डिस्क, एटीए १.०१ म्हणजे सीडी ड्राइव्ह. दोघंही एकाच पट्टीवर!

जुन्या आयडीई केबलवर मास्टर आणि स्लेव्ह असे दोघं बसतात, पण एका वेळी एकालाच बोलता येतं. ड्राइव्ह ओरखड्यावर अडकली, पुन्हा पुन्हा वाचत बसली, की हार्ड डिस्क ताटकळते. आणि सगळी सिस्टीम तर हार्ड डिस्कवरच! केंब्रिज चौकात एक ट्रेलर आडवा झाला की जालना रोडचं काय होतं, आठवा. अडकलेल्या प्रोग्रामला 'किल' करूनही उपयोग नसतो. उत्तर आल्याशिवाय तो उठतच नाही.

उपाय स्क्रू-ड्रायव्हरचा निघाला. आधी प्लग काढला. बाबांनी कपाटातून ८० तारांची दुसरी पट्टी शोधली. तिचं निळं टोक मदरबोर्डच्या मोकळ्या सॉकेटमध्ये, दुसरं ड्राइव्हला. ड्राइव्हच्या मागचा जंपर 'स्लेव्ह'वरून 'मास्टर'वर. सीडी मऊ कपड्यानं पुसली, गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ.

मशीन सुरू केलं. ड्राइव्ह अजूनही अडखळत होती, पण आता एकटीच. बाकी मशीन निवांत चालू!

मग डीडीरेस्क्यू लावलं. हे शहाणं पोर आधी सोपं सोपं वाचून घेतं, अवघड जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो ते टिपून ठेवतं. रात्रभर चाललं. बाबा दोनदा उठून बघून गेले. मला कळलं, पण मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी ११ पैकी ९ फाइल्स धड निघाल्या. पहिली लावली. जात्याची घरघर, त्यावर आजीचा आवाज, आणि मध्येच कुणीतरी तरुण माणूस : "आई, दमलीस का? थांबायचं?"

बाबा स्वतःचा आवाज ऐकत उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले,

"तीन कॉप्या कर. वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. एकाच पट्टीवर नको."