पिंपरीच्या चिखलातला सोनटक्का

पिंपरी म्हटली, की डोळ्यांपुढे येतात ते कारखान्यांचे भोंगे आणि पाळ्या. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मागोमाग इतर कारखाने आले, वसाहती वाढल्या आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पण मैत्रिणींनो, पावसाळ्यात इथल्या जुन्या वसाहतींतून जरा पायी फिरून बघा. वर मोठाल्या झाडांची गार सावली आणि घरामागच्या बोळात चपलेला शेरभर चिकटणारा काळा चिखल!

दख्खनच्या काळ्या पाषाणाची ही माती. भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात घरामागं ऊन नाही. मग गुलाब कुजतो, मोगरा रुसतो आणि घरची मंडळी म्हणतात, "फरशी टाकून मोकळे होऊ या!" पण फरशी टाकली, की पाणी जिरायची उरलीसुरली जागाही गेली. त्यापेक्षा झाडंच बदलावीत.

पहिला मान सोनटक्क्याचा. त्याला ओल हवी आणि कोवळं ऊन पुरतं. पावसाच्या सुरुवातीला त्याचे कंद दोन-तीन बोटं खोल लावावेत. जम बसला, की गौरी-गणपतीच्या सुमारास पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी सारं अंगण घमघमतं. पुढं पानं पिवळी पडली तरी कंद उपटू नयेत. पुढच्या पावसात ते पुन्हा फुटतात. दोन-तीन वर्षांनी गड्डे सोडवून शेजारणींना वाटावेत.

शेजारी अळू लावावा. वड्यांची सोय घरचीच. त्याला खाज असते, म्हणून चिंच हवीच. गटाराकाठचा अळू मात्र स्वयंपाकात घेऊ नये. सदा ओल्या जागी वेखंड आणि अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात नेचे छान येतात.

माती चिखल असताना खणू किंवा तुडवू नये. वाळली, की दगड होते. पावसाआधीच वीतभर खणून कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा. मूठ-दोन मुठी वाळूनं काही साधत नाही, माती उलट घट्ट बसते. वाफा वीतभर उंच ठेवावा, म्हणजे पाणी तुंबून डास होत नाहीत.

एवढं केलंत, की गौरींपुढे ठेवायला फुलं विकत आणायला नकोत. आणि दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्याला घर जवळ आल्याचं वासावरूनच कळेल!