फसलो की फसवले?

एकाच घटनेविषयी मराठीत दोन वाक्ये बोलता येतात. ‘मी फसलो’ हे एक आणि ‘मला फसवले’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात फसवणारा कुठेच दिसत नाही. जणू वाटेत खड्डा होता, आपले लक्ष नव्हते आणि पाय मुरगळला. दुसऱ्या वाक्यात फसवणाऱ्याचे नाव नसले तरी त्याचे कृत्य मात्र स्पष्ट दिसते. आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी अशा प्रसंगी बहुधा पहिलेच वाक्य उच्चारतात, आणि पुष्कळदा तेही उच्चारत नाहीत, गप्प राहतात. वाचकहो, मला आपल्याशी बोलायचे आहे ते या गप्प राहण्याविषयी. कारण त्यात गेलेल्या पैशांहून मोलाची गोष्ट पणाला लागते, ती म्हणजे प्रकृती.

माझ्या मावशीचे उदाहरण सांगते. ती ७८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त घेतले तर तिथल्या तिथे हिशेब करून दाखवणारी. काका गेल्यापासून ती एकटी राहते. मुलगा परगावी असतो. तिच्या सोसायटीच्या सभागृहात एकदा ‘मोफत आरोग्य तपासणी शिबिर’ भरले. मुठीत धातूची कांडी धरायला दिली आणि मिनिटभरात संगणकातून रंगीत अहवाल निघाला. हृदय, यकृत, मूत्रपिंडे, सांधे, सगळीकडे काही ना काही उणे! त्यावर उपाय म्हणून चुंबकीय गादी सुचवण्यात आली. किंमत ४८ हजार रुपये. सोबत उशी आणि पाण्याची बाटली ‘फुकट’. विकणारा तरुण मोठा लाघवी होता. तो तिला ‘आजी’ म्हणे. तीनदा घरी आला, पोहे खाल्ले, काकांच्या आठवणी मन लावून ऐकल्या. मावशीने धनादेश दिला. बिलाऐवजी हाती आली एक चिठ्ठी.

दोन महिन्यांनी एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना तिला घेरी आली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ती पडली नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा रक्तदाब १९० वर १०० होता. ‘गोळ्या चुकल्या का?’ या प्रश्नावर तिने मान डोलावली. खरी हकीकत मला चार दिवसांनी कळली. ‘गादीने रक्ताभिसरण सुधारते, गोळ्या हळूहळू कमी करत चला,’ असे त्या तरुणाने सांगितले होते आणि तिने गोळ्या निम्म्यावर आणल्या होत्या. गादीवर जुनी चादर घालून तिने ती सर्वांपासून लपवली होती. ‘आधी का नाही सांगितलेस?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘काय सांगायचे? फसले मी.’

या प्रसंगाकडे कायदा कोणत्या नजरेने पाहतो, ते आता पाहू. १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २ मधील ४७ व्या उपकलमात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणजे काय, याची लांबलचक व्याख्या आहे. ती वाचताना मला मावशीची गादी पदोपदी आठवत राहिली.

वस्तूच्या उपयुक्ततेविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करणे, ही अनुचित प्रथा आहे. मग ते विधान छापील असो की तोंडी. वस्तूच्या गुणकारीपणाची हमी पुरेशा व योग्य चाचणीवाचून देणे, हीही अनुचित प्रथा आहे. इथे कायद्याने ग्राहकाच्या बाजूने एक फार महत्त्वाची तजवीज केली आहे. ‘आमची हमी चाचणीवर आधारलेली आहे,’ असा बचाव विक्रेत्याने केला, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजीबाईंनी प्रयोगशाळा धुंडाळत फिरण्याची अपेक्षा कायदा करीत नाही. ज्या वस्तूची किंमत मूळ रकमेतच वसूल केली आहे ती ‘फुकट’ म्हणून देण्याचा आभास निर्माण करणे, बिल न देणे, सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परस्पर इतरांना पुरवणे, या सर्वांची गणना त्याच व्याख्येत होते. शिबिरात आपण दिलेला दूरध्वनी क्रमांक आणि आजारांची यादी पुढे कुणाकुणाकडे जाते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

याहून जुना एक कायदा आपल्या कामाचा आहे. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, हृदयरोग, रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा अशा अनेक विकारांची सूची त्यात दिली आहे आणि ते बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. मंत्र, ताईत आणि कवच यांचे दावेही त्यातून सुटलेले नाहीत. तेव्हा ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ अशी जाहिरात दिसली, की ते औषध किती गुणकारी आहे याचा विचार पुढची पायरी झाली. ती जाहिरातच कायद्याला मान्य नाही.

आता आपण विचाराल, हे सारे ठाऊक असते तर मावशीने गादी घेतली नसती का? मला तसे वाटत नाही. अज्ञान हे अशा खरेदीमागचे एकमेव कारण नसते. दुखणे जुने झालेले असते. दवाखान्यात गर्दी असते आणि डॉक्टरांपाशी मोजकी मिनिटे. याउलट विक्रेत्यापाशी वेळच वेळ असतो. तो समोर बसतो, ऐकून घेतो, नाव लक्षात ठेवतो. पुढे आपली पिढीजात भीड आड येते. घरी आलेल्या, आपल्या हातचे खाल्लेल्या मुलाला ‘नको’ कसे म्हणायचे? विक्रीचे हे तंत्र आपल्या सौजन्यावरच उभे असते. चांगुलपणा हा दोष नव्हे. त्याचा असा वापर करणे, हा दोष आहे.

म्हणून घरातील तरुण मंडळींना माझी एक विनंती आहे. अशी खरेदी उघडकीस आली, की पहिला प्रश्न पैशांचा नसावा. ‘त्यांनी औषधांबद्दल काय सांगितले? कोणती गोळी बंद केली का?’ हे आधी विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रागावणे सोपे असते. पण एकदा रागावलात, की पुढच्या वेळी गादी नव्हे, तर घेरी लपवली जाईल.

मावशीच्या मुलाने हे जाणले आणि आईला एका शब्दानेही दुखावले नाही. आम्ही तिघे मिळून विक्रेत्याला पत्र लिहायला बसलो. मजकूर मावशीने सांगायचा असे ठरले. तिने सुरुवात केली, ‘मी आपल्या शिबिरात फसले...’ आणि ती थांबली. शिक्षिकेची जुनी सवय. चुकीचे वाक्य तिला सहन होत नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘खोडा ते. लिहा, आपल्या प्रतिनिधीने मला खोटी माहिती देऊन गादी विकली.’ त्या वाक्यानंतर तिचा आवाज बदलला. तारखा, रक्कम, कोण काय बोलले, सगळे तिला मुखोद्गत होते. चिठ्ठीवर पत्ता नव्हता. परंतु धनादेश कोणाच्या खात्यात जमा झाला ते बँकेच्या नोंदीत होते आणि तेथूनच संस्थेचा माग लागला. पत्राला उत्तर म्हणून ३० हजार परत देण्याचा प्रस्ताव आला. मावशीने तो नाकारला आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. निकाल अजून लागायचा आहे. गोळ्या मात्र ती वेळेवर घेते आणि तिचा रक्तदाब आटोक्यात आहे.

आपल्यावर असा प्रसंग आला तर काय करावे, ते क्रमाने सांगते. वस्तू, वेष्टन, चिठ्ठी, पत्रक, संदेश, बँकेची नोंद, काहीही टाकून देऊ नका. घडलेली हकीकत तारखेसह त्याच आठवड्यात लिहून काढा. विक्रेत्याला पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तक्रार नोंदवता येते आणि काही प्रकरणे त्याच टप्प्यावर मिटतात. एवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार या आयोगाकडे जाते आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. सामान्यतः घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. मुलाने पैसे भरले आणि वस्तू आईने वापरली, तर मुलाच्या संमतीने ती वापरणारी आईदेखील कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असते.

प्रश्न आपल्या एकट्याचा नसून अशी विक्री अनेकांना झाली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या प्राधिकरणाला आहे. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा. कागदपत्रे कशी लावावीत हे उमगत नसेल तर ग्राहक संघटनांची मदत घ्या. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे.

कायद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तारखा पडतात, वेळ जातो. विक्रेता गाशा गुंडाळून नाहीसा झाला तर आदेश हाती असूनही वसुली अवघड होते. म्हणून खरेदीपूर्वीची सावधगिरी अधिक मोलाची. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार कंपनीच्या प्रतिनिधीने ओळखपत्र बाळगावे, आपली व कंपनीची ओळख आपणहून सांगावी आणि आधी ठरवल्याशिवाय किंवा संमतीशिवाय ग्राहकाच्या घरी येऊ नये, असे बंधन आहे. तेव्हा दारातच ओळखपत्र मागण्यात काही अनादर नाही. आरोग्यासाठीची कोणतीही वस्तू पाहिली त्या दिवशी विकत घेऊ नका. ‘सवलत आजच संपते’ असे कोणी म्हणाले, तर ती संपू द्यावी. पत्ता असलेले पक्के बिल मागावे. पत्रक आपल्या डॉक्टरांना दाखवावे. आणि चालू असलेले औषध कमी करण्याचा सल्ला विकणाऱ्याच्या तोंडून आला, तर तेथेच उठावे; पुढचे ऐकण्याची गरज नाही.

भीड वाटणाऱ्यांसाठी एक वाक्य सुचवते. मावशी हल्ली तेच वापरते आणि त्यात कोणाचाही अपमान होत नाही: ‘बाळ, चहा घे, पण बिल आणि कागद ठेवून जा, मी डॉक्टरांना विचारून कळवते.’ प्रामाणिक विक्रेता कागद ठेवून जातो. दुसऱ्या प्रकारचा माणूस चहासाठीही थांबत नाही.