शेवटच्या ड्रीपरचा पीएच

पाण्यात विरघळलेला चुना पाण्यातच राहावा की दगड होऊन बाहेर पडावा, हे ठरवणारी रासायनिक क्रिया सगळीकडे एकच असली, तरी तिच्याकडून माणसाला काय हवे ते जागेप्रमाणे बदलते. प्रवाळांच्या खाऱ्या टाकीला जोडलेल्या कॅल्शियम रिॲक्टरमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यांचे तुकडे भरलेल्या बंद नळकांड्यात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मोजून सोडले जातात. त्यामुळे आतल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, 6.5 च्या आसपास उतरतो, तुकडे झिजतात, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन निघालेले पाणी थेंबाथेंबाने त्या टाकीत पडते, जिथे कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम राखायचे असते. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने हा छंद खानदेशात फोफावण्याची शक्यता बेताचीच, आणि ते योग्यच आहे. मात्र तीच क्रिया रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या केळीच्या बागांत उलट्या अंगाने रोज चालते.

खोल बोअरच्या पाण्यात जमिनीखालच्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळून असतो, पण पाणी वर येताच तो वायू उडून जातो, उन्हाने ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या तापतात आणि संच बंद झाल्यावर ड्रीपरच्या तोंडाशी अडकलेला थेंब सुकतो, तेव्हा मागे कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कडे उरते. नखाने खरवडून निघणारे हे कडे खरोखर चुन्याचे आहे का, हे त्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाकला की कळते, कारण चुना असेल तर फसफस होते. फसफस झाली नाही तर दोष बहुधा गाळाचा किंवा शेवाळाचा असतो आणि तिथे आम्ल ओतणे वाया जाते.

चुना काढण्यासाठी करायच्या आम्लप्रक्रियेचे माप आधी बादलीत ठरते. त्याच बोअरच्या 10 लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिलिलिटरने टाकत (आम्लच पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही) पीएच 4 वर आणायला समजा 12 मिलिलिटर लागले, तर तासाला 5,000 लिटर वाहणाऱ्या संचात तासाला 6 लिटर आम्ल व्हेंचुरीतून, म्हणजे दाबातील फरकाने द्रव ओढून घेणाऱ्या नळीतून, सोडावे लागेल. तरीही खरा कौल व्हेंचुरीजवळ मिळत नाही. तो शेताच्या पार टोकाला, शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रीपरखाली धरलेल्या पीएच कागदावर मिळतो, जसा रिॲक्टरचा कौल बुडबुड्यांच्या मोजणीपेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्याची क्षारता तपासूनच समजतो. घाईचा शेतकरी इथेच चुकतो: जवळच्या नळीवर कागद लाल झाला की पंप बंद करतो, आणि ज्या टोकाला दाब कमी म्हणून चुना अधिक साचलेला असतो, ते टोक आम्लाविनाच राहते.

टोकाला रंग दिसल्यावर संच 24 तास बंद ठेवून आधी सबमेनचे, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या उपवाहिनीचे, फ्लश व्हॉल्व्ह आणि नंतर नळ्यांची टोके उघडली की प्रथम पांढरट, गढूळ पाणी येते आणि हळूहळू ते नितळ होते. त्यानंतर मापाची बाटली घेऊन पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक मिनिट बसावे लागते. ताशी 4 लिटरच्या ड्रीपरने त्या वेळात सुमारे 67 मिलिलिटर द्यायला हवे, आणि शेवटचा 50 वरच अडला असेल, तर बादली पुन्हा भरावी लागते.