धर्मकाट्यावरून परिक्रमेला

संत्र्यांच्या हंगामात आमच्या पांढुर्ण्यास आलेल्या पाहुण्याच्या नजरेत प्रथम भरतात त्या मालमोटारी, आणि त्यांच्या वाटेवरचा वजनकाटा. इकडे त्यास ‘धर्मकाटा’ म्हणतात. या नावाची योग्यता आम्हांस नर्मदा परिक्रमेला निघताना पटली.

चालकासह आम्ही बारा जण, आणि तीन आठवड्यांचा संसार भाड्याच्या गाडीतच. पाण्याचे २०० लिटरचे पिंप गाडीच्या मागच्या टोकाला, १५० किलोंचा शिधा व भांडी आणि ५० किलोंची अंथरुणे टपावर. वयस्क चालकांनी काही न बोलता गाडी आम्हां सर्वांसह धर्मकाट्यावर घेतली.

गाडीच्या नोंदणीपुस्तकात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीची कमाल मर्यादा. आमच्या गाडीच्या बाबतीत त्यांतले अंतर १,००० किलोंचे. माणसेच ७२० किलो भरली, सामान ४००. म्हणजे भार १२० किलोंनी अधिक!

“गुरुजी, मुलताईचा चढ इंजिन कसाही चढेल,” चालक म्हणाले, “पण परतताना उतारावर ब्रेक तापले, तर हाक कोणाला मारायची?”

आम्ही मुख्याध्यापक, बेरीज मुलांना शिकवीत आलो, पण स्वतः करावयास विसरलो होतो. काय उतरवावे यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात आमच्या वृद्ध आईने विचारले, “नर्मदामाईकडे जायचं आणि पाणी घरून न्यायचं?” पिंप तिथेच उतरले. दोन घागरी तेवढ्या सोबत घेतल्या.

मग मांडणी बदलली. आमच्याकडचे शेतकरी जाणतातच, की बैलगाडी मागे जड झाली तर उलाळ होते, पुढे जड झाली तर बैलांच्या मानेवर येते. मोटारीचेही तसेच. टपावरचे ओझे वळणावर गाडीस कलवते; मागच्या टोकाचे ओझे पुढच्या चाकांची पकड सैल करते. म्हणून धान्य व भांडी खाली, दोन्ही चाकांच्या मधे, डाव्या-उजव्या बाजूंस सारखी वाटून बांधली. टपावर अंथरुणेच राहिली. चाकांतील हवाही तपासली.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अतिरिक्त भारासाठी २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये अशी तरतूद केली. परंतु मुलताईहून परतताना घाटाच्या वळणांवर आई निश्चिंत झोपलेली पाहिली, तेव्हा आम्हांस दंडाची नव्हे, त्या पिंपाची आठवण झाली.

वाचकहो, यात्रेस निघाल तेव्हा सामानच नव्हे, माणसांसकट गाडी एकदा काट्यावर अवश्य न्या.