बाबांची अ‍ॅटलास आणि बावीस छर्रे

तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी जुनी काळी सायकल पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी हे वाचा.

आमची अ‍ॅटलास बाबांची. पोलादपूरला नोकरी होती तेव्हा कधी एसटी चुकली, तर ते महाडहून सायकलनेच जात. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर गाद्या, पुस्तकं, कपाटं सगळं बाहेर टाकलं. बाबा एवढंच म्हणाले, "सायकल राहू दे."

ती तशीच राहिली. यंदा सुट्टीत पायडल मारून बघितलं तर मधून कर्रकर्र आवाज. दोष पायडलच्या आसात, म्हणजे दुकानदार ज्याला बी.बी. म्हणतात त्यात.

आधी कॉटर पिना काढायच्या. नट पूर्ण काढू नका. सैल करून पिनेवरच ठेवा आणि मग हातोडी मारा, नाहीतर आटे चेपतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार हवाच. मी तो न देताच पहिला घाव घातला. ओट्यावर बसलेल्या बाबांचा चेहरा बघायला हवा होता!

डावीकडचं लॉकरिंग आणि वाटी सहज सुटली. चेनकडची उजवी वाटी मात्र हलेना. अर्धा तास झटापट केली. शेवटी बाबा म्हणाले, "अरे, तिचे आटे उलटे असतात. तू घट्टच करतोयस." मग ती काढलीच नाही, आतला चिखल डिझेलने धुतला. वाटीला खड्डे नव्हते, नशीब.

पाव इंची नवे छर्रे, एका बाजूला अकरा. जुन्यात नवे मिसळू नका. वाटीत भरपूर ग्रीस भरलं की छर्रे त्यात चिकटून राहतात. आसाची लांब बाजू चेनकडे.

खरी कसोटी पुढे. डावी वाटी जास्त आवळली की आस जड फिरतो, सैल ठेवली की डुगडुगतो. बरोबर जमवून लॉकरिंग आवळावं तर त्याबरोबर वाटीही फिरते! चार वेळा सोडलं. पाचव्यांदा वाटी पान्याने धरून ठेवली. कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने ठोकल्या, म्हणजे दोन्ही पायडलं समोरासमोर आली.

बाबांचे हात आता थरथरतात. तरी त्यांनी क्रँक धरून आडवा हलवून बघितला, मग पायडल फिरवून कान लावला. आवाज नव्हता.

"दोन दिवस चालवून कॉटरचे नट परत आवळ," ते म्हणाले. "आणि मग सांग, पोलादपूरला कधी निघतोस?"