तीन बरण्यांचा मसाला

मसाल्याच्या वर्गाला येणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते: "मॅडम, बाकी राहू द्या, यादी तेवढी द्या." मी ती लगेच देते, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. धने २५० ग्रॅम, जिरे ५०, शहाजिरे २५, काळी मिरी २५, दगडफूल २५, दालचिनी २०, लवंग १०, मसाला वेलची १०, चक्रफूल १०, तमालपत्र १०, जायपत्री ५, नागकेशर ५. त्यात खोबरं आणि खसखस घातली की थोड्याफार फरकाने हाच मसाला विदर्भातल्या अनेक घरांत सापडेल. तरीही एका घरचा रस्सा दारात गाडी लावतानाच कळतो आणि दुसऱ्या घरचा ताटात येऊनही मुका राहतो.

अन्नतंत्रज्ञान शिकल्यावर मला या यादीतले आकडे वेगळे दिसू लागले. लवंगेत सुगंधी तेल १५ ते २० टक्के असतं, धन्यात ते एक टक्काही भरत नाही. म्हणून लवंग १० ग्रॅम आणि धने पाव किलो. आपल्या आज्यांनी हे प्रमाण नाकाने ठरवलं होतं. प्रयोगशाळेने नंतर त्यावर शिक्का मारला. धने इतके घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे ते रश्श्याला अंग देतात. विदर्भात त्याच कामासाठी भाजलेली ज्वारी वापरतात, मराठवाड्यातल्या येसूर मसाल्यात धान्यं असतात. खोबरं परवडत नसे तिथे धान्याने रस्सा दाट केला, आणि त्यातून एक स्वतंत्र चव जन्माला आली.

मात्र घरच्या मसाल्याचं सर्वांत मोठं नुकसान प्रमाणात होत नाही. ते होतं एप्रिल-मेमध्ये, सगळे जिन्नस एकत्र दळून वर्षाची बरणी भरताना. या प्रत्येक जिनसाचं आयुष्य वेगळं असतं. एका बरणीत कोंबले, की ज्याचं आयुष्य सर्वांत कमी तो बाकीच्यांनाही घेऊन बुडतो. म्हणून मी तीन बरण्या करायला सांगते.

पहिली बरणी तिखटाची. ही वर्षाची भरायला हरकत नाही, आणि त्यासाठी नागपूरच्या उन्हाळ्यासारखा कारागीर नाही. पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी. मिरची दोन-तीन उन्हांत कुरकुरीत होते. तिखटात ओल ११ टक्क्यांच्या आत असावी असं अन्नसुरक्षेचं मानक सांगतं. घरी त्याची खूण सोपी: मिरची मुठीत दाबली की मोडली पाहिजे, वाकता कामा नये. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिची लागवड आता खूप आटली आहे. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात आंध्र-तेलंगणातली तेजा भरपूर दिसते. तेजा जहाल आणि कर्नाटकची ब्याडगी रंगाची, तेव्हा दोन्ही मिसळाव्यात. मिरचीचा जाळ बियांत असतो असं आपण समजतो. खरा तो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो. निवडताना काही मिरच्या फोडून पाहा. आत काळी-राखाडी बुरशी दिसली तर ती मिरची फेकाच, कारण बुरशीचं अफलाटॉक्सिन हे विष उन्हाने जात नाही आणि भाजल्यानेही पुरतं जात नाही.

दुसरी बरणी कोरड्या गरम मसाल्याची, म्हणजे वरच्या यादीची. ही दोन-तीन महिन्यांपुरतीच. अख्खी लवंग आपलं तेल पेशींत बंद करून ठेवते. दळली की ते उघड्यावर येतं आणि उडू लागतं. भाजताना तेलाचा थेंबही नको, आच मंद, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. धन्याला रंग बदलेपर्यंत वेळ लागतो, तेवढ्या वेळात जायपत्री जळून कडू होते. लवंग, वेलची नुसती गरम करायची. दगडफूल आधी नीट झटकून घ्यायचं, कारण झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढणारं हे शैवाक कचकच घेऊनच येतं. त्याचा वास तेलात पडल्यावरच खुलतो, म्हणून कढईत त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. भाजलेलं सगळं पूर्ण निवू द्या. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं आणि वास घरभर पसरतो. घरभर पसरलेला वास म्हणजे बरणीतून वजा झालेला वास. मोठे कारखाने यासाठी द्रव नायट्रोजन वापरून गारठ्यात दळतात. आपण थांबून थांबून दळावं, एवढं पुरे.

तिसरी बरणी तेलकट जिनसांची: सुकं खोबरं, खसखस, तीळ, जवस. ही खरं तर बरणी नव्हे, वाटीच. आठवड्याची करा, जमलं तर त्या दिवसाची. खोबऱ्याला ओल लागली की त्यातलं तेल फुटतं आणि लॉरिक आम्लामुळे साबणासारखी चव येते. खसखशीचं आणि जवसाचं तेल हवेने खवट होतं. जवसाचं तेल तर हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणूनच ते चित्रकारांच्या तैलरंगांत जातं. नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या सावजी स्वयंपाकात हे तेल पूर्वी असे, पण ते ताज्या घाण्याचं आणि लवकर संपणारं. त्या रश्श्याचा तवंग, आपली तर्री, हा तेलाचाच खेळ आहे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून तिखट फोडणीत पडलं तर तर्री येते आणि उकळत्या पाण्यात पडलं तर नुसतं तरंगतं.

मी राहते त्या नागपूरच्या जरीपटक्यात मला चौथा मार्गही रोज दिसतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे येऊन वसली. त्यामुळे इथल्या किराणा दुकानांत दगडफूल आणि अनारदाणा शेजारी नांदतात. शेजारच्या सिंधी आंटींच्या घरी लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर रोज ताजी वाटली जाते. सेयल भाजीची सारी चव त्या वाटणात असते. त्यांना आपल्या वर्षभराच्या बरणीचं नवल वाटतं आणि आपल्याला त्यांच्या रोजच्या वाटणाचं. माझ्या मते तिसऱ्या बरणीपुरतं आपण त्यांचं ऐकावं.

विकतचा मसाला वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही. पण एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलिन ऑक्साइडच्या कारणावरून काही भारतीय मिश्र मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हा वर्गातली गर्दी वाढली. हा वायू मसाल्यातले जंतू मारण्यासाठी वापरला जातो. तो टाळून घरी मसाला करायचा तर स्वच्छता आणि कोरडेपणा ही आपलीच जबाबदारी. ओला चमचा बरणीत घालायचा नाही, भाजीच्या वाफेवर बरणी धरून मसाला झटकायचा नाही. पावसाळ्यात सादळलेल्या मसाल्याला पुन्हा ऊन दाखवून कोरडं करता येतं, पण उडालेला वास परत येत नाही.

दिवाळी येईल तेव्हा उन्हाळ्यातल्या एकत्र मसाल्याला पाच-सहा महिने झाले असतील. फराळाच्या धांदलीत एकदा ती बरणी उघडून हुंगा. खवट किंवा साबणासारखा वास आला तर महागाची लवंग आहे म्हणून जीव अडकवू नका, टाकून द्या. ती लवंग खोबऱ्याने केव्हाच गिळली आहे. वास ठीक असेल तर तो मसाला आधी संपवा, आणि पुढचा दळाल तेव्हा खोबरं बाहेर ठेवा. बचत गटांनीही मसाला विकताना खोबरं वेगळ्या पुडीत द्यावं. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुर करेल. दुसऱ्यांदा मागायला येईल तेव्हा दोन पुड्या मागेल.